वाचकांचे प्रश्न : क्युरासाओच्या कड्यावरचे रेडिओ केंद्र

मागील अंकात हौशी रेडिओविषयी लिहिताना मी ओघात सांगितले होते की, गेल्या ऑक्टोबरातील जागतिक स्पर्धेच्या रविवारी संध्याकाळी, आमच्या अंगणातील कडुलिंबाला बांधलेल्या तारेवर मला कॅरिबियन समुद्रातील क्युरासाओ बेटावरचे ‘पीजे२टी’ हे केंद्र स्पष्ट ऐकू आले. त्या एका वाक्यावर वाचकांनी इतक्या आस्थेने विचारणा केली आहे की, या वेळचा संपूर्ण स्तंभ त्याच विषयाला द्यावा असे ठरवले. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांतील पाच येथे घेतले आहेत.

प्रश्न : आपण उल्लेख केलेले केंद्र आकाशवाणीसारखे सरकारी आहे की एखाद्या कंपनीचे? इतक्या दूरच्या बेटावर ते कोणी आणि कशासाठी उभारले, याची हकीकत सांगावी.
(एक शेतकरी वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : ते सरकारी नाही आणि कोणत्याही कंपनीचेही नाही. आकाशवाणीचे केंद्र एकतर्फी बोलते आणि आपण ऐकतो. हौशी रेडिओमध्ये दोन्ही बाजूंकडे प्रक्षेपक असतो, दोन्ही बाजूंच्या माणसांनी परीक्षा देऊन परवाना घेतलेला असतो आणि या संभाषणासाठी कोणी कोणाकडून मोबदला घेत नाही. परवान्याबरोबर प्रत्येकाला एक ओळख मिळते, तिला कॉलसाइन म्हणतात. ‘पीजे२टी’मधील पीजे ही अक्षरे कॅरिबियनमधील डच बेटांची आहेत, २ हा आकडा क्युरासाओचा आहे आणि शेवटचे अक्षर त्या केंद्राचे स्वतःचे आहे.

या केंद्राचा जन्म स्पर्धेतून झाला, म्हणून आधी स्पर्धा कशी असते ते सांगतो. ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’ या नावाची स्पर्धा १९४८ सालापासून भरते. ऑक्टोबरातील शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी ती आवाजाने होते आणि नोव्हेंबरातील शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी मोर्सच्या कट्ट-कडने होते. सलग ४८ तासांत जगातील जास्तीत जास्त केंद्रांशी, जास्तीत जास्त देशांशी आणि सहा वेगवेगळ्या बँडवर (म्हणजे १६० ते १० मीटर लांबीच्या लहरींच्या ठरवून दिलेल्या पट्ट्यांवर) संपर्क साधायचा, एवढेच तिचे स्वरूप आहे. ज्या ‘सीक्यू’ मासिकाने ती सुरू केली ते २०२३ अखेर बंद पडले, परंतु स्पर्धा थांबलेली नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर विमानप्रवास वाढला आणि रेडिओ संच एका पेटीत मावतील इतके लहान झाले. तेव्हा अमेरिकेतील काही हौशी मंडळी स्पर्धेच्या आठवड्यापुरती एखाद्या बेटावर जाऊ लागली. हॉटेलच्या गच्चीवर तारा ताणायच्या, दोन दिवस-दोन रात्री बोलायचे आणि सोमवारी सगळे गुंडाळून परत निघायचे, असा तो क्रम होता. या पद्धतीत प्रत्येक वर्षी शून्यापासून सुरुवात करावी लागे. गेल्या वर्षी कोणत्या कोपऱ्यातील तार चांगली चालली हे ज्ञान माणसाबरोबर परत जाई आणि जागेवर काहीच उरत नसे. म्हणून त्यांच्यापैकी काहींनी बेटावर कायमचे घर घेण्याचा विचार केला. क्युरासाओच्या पश्चिमेकडील भागात, समुद्राला लागून असलेल्या कड्यावर अमेरिकेतील एका हौशी रेडिओधारकाने असेच एक घर घेतले, तेथे अँटेना उभ्या केल्या आणि वर्षानुवर्षे तेथून स्पर्धा केल्या. त्यांच्याकडून ते घर पुढे हौशी मंडळींच्या एका गटाने सामाईकपणे घेतले. या गटाचे नाव ‘कॅरिबियन कॉन्टेस्टिंग कॉन्सॉर्शियम’, घराचे नाव ‘सिग्नल पॉइंट’ आणि तेथून निघणारी हाक म्हणजे ‘पीजे२टी’.

आपल्याकडे चार भावांत शेताची वाटणी झाली तरी विहीर सामाईक राहते. पाण्याच्या पाळ्या ठरतात, मोटार जळाली तर खर्च वाटून घेतला जातो आणि गाळ काढायला चारही घरांतील माणसे उतरतात. सिग्नल पॉइंटचा कारभार मला अगदी तसा वाटतो. सभासद स्पर्धेच्या काही दिवस आधी तेथे पोहोचतात, वर्षभरात जे मोडले ते दुरुस्त करतात, मग ४८ तास पाळीपाळीने बसतात आणि जाताना पुढच्या पाळीसाठी घर नीट लावून ठेवतात. एका माणसाच्या हौसेतून उभे राहिलेले घर त्याच्यानंतरही चालू राहिले, ही त्या केंद्राच्या इतिहासातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे. मनोरे आणि संच पैशाने पुन्हा आणता येतात. एकाने दुसऱ्याच्या हाती व्यवस्थित सोपवलेले घर पैशाने मिळत नाही. जागतिक निकालांच्या याद्यांत अनेक वर्षे हे केंद्र वरच्या क्रमांकांवर दिसते, त्याचे कारणही हेच असावे.

या इतिहासात राजकारणाचाही एक तुकडा येऊन मिसळला आहे. क्युरासाओ हा ‘नेदरलँड्स अँटिलीस’ नावाच्या डच बेटसमूहाचा भाग होता. त्यातून १९८६ साली अरुबा वेगळे झाले आणि १० ऑक्टोबर २०१० रोजी तो समूहच विसर्जित झाला. त्या दिवसापर्यंत हौशी रेडिओच्या यादीत क्युरासाओ आणि बोनेअर मिळून एकच ‘देश’ मोजला जात होता. त्यानंतर ते दोन झाले. म्हणजे ज्यांनी पूर्वी पीजे२टीशी संपर्क साधला होता, त्यांनाही नव्या क्युरासाओसाठी पुन्हा हाक द्यावी लागली. घर तेच, कडा तोच, कॉलसाइनही तेच, परंतु यादीत ते एका नव्या देशातील केंद्र ठरले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरातील स्पर्धा विसर्जनानंतर तीन आठवड्यांच्या आतच होती.

प्रश्न : अमेरिका, जपान, जर्मनी या देशांत पैसा आहे, तंत्रज्ञान आहे आणि हजारो परवानाधारक आहेत. असे असताना स्पर्धा जिंकण्यासाठी लोक ४४४ चौरस किलोमीटरच्या एका लहानशा बेटावर का जातात? हे केवळ समुद्रामुळे आहे का?
(भौतिकशास्त्राच्या एक अध्यापिका, ता. वरूड, जि. अमरावती)

उत्तर : समुद्र हे एक कारण आहे, परंतु पहिले नाही. पहिले कारण नियमांच्या पुस्तकात आहे, आणि ते समजल्याशिवाय कॅरिबियनमधील स्पर्धा-केंद्रांचा इतिहास कळत नाही.

या स्पर्धेत दुसऱ्या खंडातील केंद्राशी संपर्क झाला तर ३ गुण मिळतात. आपल्याच खंडातील दुसऱ्या देशाशी झाला तर १ गुण मिळतो. उत्तर अमेरिकेपुरता मात्र अपवाद असून तेथे २ गुण मिळतात. स्वतःच्याच देशाशी झालेल्या संपर्कास शून्य गुण असतात. आता नकाशा पाहा. क्युरासाओ व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारे ६५ किलोमीटरवर आहे आणि हौशी रेडिओच्या गणनेत ते दक्षिण अमेरिका खंडात धरले जाते. बार्बाडोस हेही कॅरिबियन बेटच आहे, परंतु त्याची गणना उत्तर अमेरिकेत होते. समजा, दोन्ही बेटांवरील केंद्रांनी अमेरिकेतील प्रत्येकी ३,००० केंद्रांशी संपर्क साधला. बार्बाडोसला त्याचे ६,००० गुण होतील आणि क्युरासाओला ९,०००. श्रम तेच, आवाज तेवढाच, तरी दीडपट फळ. हे ज्यांनी प्रथम ताडले त्यांची नजर अरुबा, बोनेअर आणि क्युरासाओ या तीन बेटांवर खिळली, आणि तेथे एकामागून एक केंद्रे का उभी राहिली याचा उलगडा येथे होतो.

दुसरे कारण अंतराचे आहे. लघुलहरी जमिनीपासून साधारण २०० ते ४०० किलोमीटर उंचीवरील आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, परावर्तित होऊन खाली येतात, आणि अशी एक उडी तीन-साडेतीन हजार किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. क्युरासाओहून न्यूयॉर्क सुमारे ३,२०० किलोमीटर आहे, मायामी तर १,९०० किलोमीटरवरच आहे. म्हणजे जगातील सर्वांत मोठ्या परवानाधारक समुदायांपैकी एक जवळजवळ एका उडीच्या आत बसतो, आणि तोही परखंडात मोजला जातो. दुसरा मोठा समुदाय युरोपातला. तो अटलांटिक महासागरापलीकडे आहे आणि मधल्या उड्या खाऱ्या पाण्यावर पडतात. येथे आपण विचारलेला समुद्र येतो. समुद्राच्या पाण्याची विद्युतवाहकता मीटरमागे सुमारे ५ सीमेन्स असते. आपली काळी कपाशीची माती ओली असताना बरी वाहक आहे, तरी ती समुद्राच्या पाण्याच्या फार मागे राहते. उन्हाळ्यात भेगा पडल्यावर तर तीही राहत नाही. खडकाळ मुरमाड जमीन त्याहून कितीतरी कमी. लहर जेव्हा पाण्यावर आदळून पुन्हा वर जाते तेव्हा तिची हानी फार थोडी होते. डोंगर, शहरे आणि कोरडी जमीन यांवर आदळली तर ती प्रत्येक उडीत काहीतरी गमावते.

तिसरे कारण उष्ण कटिबंधाचे आहे. क्युरासाओ विषुववृत्ताच्या उत्तरेस १२ अंशांवर आहे. तेथे सूर्य वर्षभर माथ्याजवळ असल्याने आयनांबर दाट असते, आणि १० व १५ मीटरचे बँड, जे सौरडागांच्या ११ वर्षांच्या चक्रात ओहोटी आली की उत्तरेकडील देशांत दिवसच्या दिवस बंद राहतात, ते या पट्ट्यात बरेचदा चालू राहतात. उत्तर युरोपातील केंद्रांना ध्रुवीय प्रकाशाच्या काळात जो अडथळा होतो तोही येथे नाही.

यांत आणखी एक गोष्ट मिळवावी लागेल, जी वर्गात शिकवता येत नाही, परंतु ऐकणाऱ्याला लगेच समजते. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील केंद्राने हाक दिली तर तिला उत्तर देण्याची घाई कोणाला नसते, कारण तशी हजारो आहेत. क्युरासाओने हाक दिली की शेकडो जण एकाच वेळी ओरडतात, कारण तो देश सर्वांना हवा असतो. त्यामुळे बेटावरील माणसाला कोणाला शोधत फिरावे लागत नाही; तो एका जागी बसून राहतो आणि लोक त्याच्याकडे येतात. कसलेला ऑपरेटर अशा गर्दीतून तासाला दोनशेहून अधिक संपर्क नोंदवतो, म्हणजे एका संपर्कास पंधरा-अठरा सेकंदही लागत नाहीत.

आपल्या विद्यार्थ्यांना या जागेचा तोटाही सांगावा. खालच्या, म्हणजे कमी वारंवारतेच्या बँडवर, विशेषतः ८० आणि १६० मीटरवर, उष्ण कटिबंधातील विजांचा कडकडाट भयंकर त्रास देतो. व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवर हे पृथ्वीवर सर्वाधिक विजा पडणाऱ्या जागांपैकी एक असून ते क्युरासाओहून फार दूर नाही. मृगाच्या तोंडावर वऱ्हाडात रेडिओ लावल्यावर जी खरखर येते, ती त्या बेटाच्या शेजारी वर्षातील बहुतेक महिने आहे. ऐकण्यासाठी वेगळी अँटेना वापरणे हा त्यावरचा उपाय आहे. जमिनीपासून पुरुषभर उंचीवरून शेदोनशे मीटर लांब तार ज्या दिशेचे ऐकायचे त्या दिशेला ताणतात. तिला तिच्या शोधकाच्या नावावरून बेव्हरेज अँटेना म्हणतात. कड्यावरील घराला इतकी मोकळी जमीन मिळणे कठीण असते. आपल्याकडे एखाद्या धुऱ्यावरून ती सहज नेता येते.

प्रश्न : मी वीज वितरणात लाइनमन म्हणून अनेक वर्षे काम केले आहे. खाऱ्या हवेत लोखंडी मनोरे आणि ॲल्युमिनियमच्या अँटेना कशा टिकतात?
(एक निवृत्त कर्मचारी, ता. हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : त्या टिकत नाहीत, त्या टिकवल्या जातात, आणि अशा केंद्राच्या इतिहासाचा मोठा भाग या कामातच गेलेला असतो. क्युरासाओवर पूर्वेकडून वाहणारे व्यापारी वारे जवळजवळ बाराही महिने चालू असतात आणि समुद्राचे बारीक तुषार आत आणतात. पाऊस मात्र आपल्या विदर्भापेक्षा कमी, वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणून बसलेले मीठ धुऊनही निघत नाही. जस्ताचा मुलामा दिलेले पोलादसुद्धा तेथे कालांतराने उघडे पडते. त्याहून वाईट जागा म्हणजे दोन वेगळे धातू जेथे भेटतात ती. ॲल्युमिनियमच्या नळीत स्टेनलेस स्टीलचा बोल्ट असेल आणि मध्ये खारे पाणी असेल, तर तेथे एक लहानसा विद्युतघटच तयार होतो आणि ॲल्युमिनियम झिजत जाते. ॲल्युमिनियमच्या वाहकाला तांब्याची तार नुसती पिळून जोडली तर काही दिवसांनी तो जोड पांढरा पडतो आणि तापू लागतो, हे आपण खांबावर पाहिले असेल; येथे तेच कितीतरी वेगाने घडते. म्हणून प्रत्येक सांध्याला गंजरोधक लेप लावतात, केबलचे टोक हवाबंद गुंडाळतात, कारण एकदा केबलच्या जाळीत पाणी शिरले की ते दिव्याच्या वातीतील तेलासारखे मीटरच्या मीटर आत जाते, आणि ताणाचे दोर उन्हाने कुजण्याआधीच बदलतात. अँटेना फिरवणारी मोटारही उघड्यावर असते. तिच्यात मीठ गेले की ती ऐन स्पर्धेत एका दिशेला अडकून बसते.

एक बाब मात्र त्या बेटाच्या बाजूची आहे. चक्रीवादळांचा नेहमीचा मार्ग त्याच्या उत्तरेकडून जातो, त्यामुळे इतर अनेक कॅरिबियन बेटांवर जसे एका रात्रीत सगळे जमीनदोस्त होते, तसा धोका क्युरासाओला कमी आहे. तेथे केंद्र दीर्घकाळ टिकले याचे हेही एक कारण आहे.

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकी शिकत असताना रात्र रात्र या रेडिओपाशी बसतो. मोबाइलवरून जगात कोठेही बोलता येते, मग या स्पर्धांचा माणसाला खरा उपयोग काय?
(एक आई, ता. साकोली, जि. भंडारा)

उत्तर : ताई, तुमची काळजी योग्य आहे, आणि तिचे उत्तर द्यायला मी दुसऱ्या एका उष्ण कटिबंधीय बेटावर जातो, जे आपले आहे.

अंदमान-निकोबारमधून हौशी रेडिओ चालवण्यास अनेक वर्षे परवानगी मिळत नव्हती. २००४ च्या अखेरीस हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या पथकास ती मिळाली आणि भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हे पथक पोर्ट ब्लेअरला पोहोचले. कॉलसाइन होते ‘व्हीयू४आरबीआय’. जगभरचे हौशी या एका हाकेची वाट पाहत होते, त्यामुळे गर्दी कोणत्याही स्पर्धेत होते तशीच होती आणि हजारो संपर्क नोंदले गेले. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला, त्यामागून त्सुनामी आली आणि बेटांवरील नेहमीची संपर्कव्यवस्था कोलमडली. त्याच पथकाने, त्याच संचांवरून, जगभरच्या हौशींशी बोलण्याचे काम तेथल्या तेथे थांबवले आणि पोर्ट ब्लेअर व मुख्य भूमी यांच्यात आपत्तीचे संदेश नेण्यास सुरुवात केली. आपली माणसे हयात आहेत का, एवढेच विचारणारे संदेश त्यांत होते.

त्या पथकाला नवे काही शिकावे लागले नाही. खरखरीत आवाजातून एक नाव आणि एक आकडा अचूक उचलायचा, तो परत उच्चारून खात्री करायची, वेळ घालून वहीत लिहायचा आणि पुढच्याला वाट द्यायची, ही कामे ते दिवसेंदिवस करतच होते. मोबाइलचा मनोरा पडला किंवा त्याची वीज गेली की हातातील फोन निरुपयोगी होतो. एक बॅटरी, एक संच आणि वीस मीटर तार असलेला माणूस मधल्या कोणत्याही यंत्रणेशिवाय हजारो किलोमीटर बोलू शकतो. मुलाच्या परीक्षेच्या काळात रेडिओ बंद ठेवण्याचा आग्रह तुम्ही जरूर धरा. एरवी मात्र तो पहाटेपर्यंत जे करतो आहे ते वाया जात नाही, असे मी मनापासून सांगतो.

प्रश्न : मी नववीत आहे. आजोबांचा जुना रेडिओ आहे, त्यावर शॉर्टवेव्ह आहे, पण काही ठिकाणी नुसते बदक बोलल्यासारखे ऐकू येते. आमच्या शेतातून मला ते बेट ऐकू येईल का? आणि पुढे मी परवाना घेतला तर एवढ्या मोठ्या केंद्राला माझ्याशी बोलण्यात काय रस असणार?
(एक विद्यार्थी, ता. मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : ते बदक नाही, तीच हौशी मंडळी आहेत! ते ज्या पद्धतीने आवाज पाठवतात तिला एसएसबी म्हणतात. जागा आणि शक्ती वाचावी म्हणून लहरीचा निम्मा भाग आणि मधली वाहक लहर काढून टाकलेली असते. ती वाहक लहर तुझ्या बाजूला परत मिसळावी लागते, तेव्हाच शब्द उमटतात. आजोबांच्या रेडिओत ती सोय नसावी. एसएसबीची कळ असलेला संच कोणाकडून पाहायला मिळाला तर उत्तम. तोपर्यंत नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा संगणकावरून कोणालाही फिरवता येणारा रेडिओ आहे, त्यावर कान तयार कर.

तुझ्या शेतापासून क्युरासाओ जवळजवळ १५,००० किलोमीटर दूर आहे आणि त्याची सर्वांत जवळची दिशा वायव्य आहे. लहर कॅस्पियन समुद्राच्या बाजूने युरोपावर जाते, फ्रान्सच्या आसपास निम्मी वाट संपते आणि मग अटलांटिक ओलांडते. हा सगळा प्रवास सेकंदाच्या विसाव्या भागात होतो. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा तेथे सकाळचे नऊ वाजलेले असतात. मला जे ऐकू आले ते अशाच वेळी, २१ मेगाहर्ट्झच्या म्हणजे १५ मीटरच्या बँडवर.

तारेची लांबी काढायची रीत सोपी आहे. १४३ या संख्येला मेगाहर्ट्झने भागले की मीटर मिळतात. २१.२ मेगाहर्ट्झसाठी सुमारे पावणेसात मीटर येतात. ती तार मधोमध कापून दोन सारखे भाग कर, मधून केबल खाली आण आणि दोन्ही टोके नायलॉनच्या दोरीने बांध. तार ईशान्येकडून नैऋत्येकडे ताणली तर तिची रुंद बाजू वायव्येला येते, आणि अशी तार रुंद बाजूनेच चांगले ऐकते. उंची जितकी मिळेल तितकी घे. कडुलिंबाचे झाड किंवा दोन बांबू चालतील. विजेच्या तारांच्या वर, खाली किंवा त्यांच्यावर पडू शकेल अशा ठिकाणी ती कधीही बांधू नकोस, आणि आभाळ गरजू लागले की केबल रेडिओपासून काढून घराबाहेर ठेव. हे काम मोठ्या माणसाला सोबत घेऊनच कर.

शेतात ऐकताना दर सेकंदाला टक्-टक् असा ठोका आला तर घाबरू नकोस. रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनचा तो आवाज असतो. शेजाऱ्यांची परवानगी घेतल्याशिवाय ते बंद करायचे नाही, कारण रात्री पीक राखण्याचा प्रश्न असतो. आपला रेडिओ दुसऱ्या धुऱ्यावर नेणे बरे. सौरपंपाचा नियंत्रक आणि स्वस्त एलईडी दिवेही खरखर करतात. संध्याकाळी सूर्य मावळला की पंप थांबतो आणि नेमका तेव्हाच बँड चांगला असतो, हे आपले सुदैव.

आता तुझा दुसरा प्रश्न, जो मला फार आवडला. स्पर्धेत एकूण गुणांना गुणकांनी गुणतात. प्रत्येक बँडवर मिळालेला प्रत्येक नवा देश हा एक गुणक असतो, आणि जगाचे जे ४० विभाग केले आहेत त्यांतील प्रत्येक नवा विभाग हाही एक गुणक असतो. क्युरासाओ विभाग ९ मध्ये येते, आपला भारत विभाग २२ मध्ये. आपल्या या विभागातून स्पर्धेत उतरणारी केंद्रे थोडी आहेत. समजा, रविवारी संध्याकाळपर्यंत बेटावरील मंडळींचे १५,००० गुण झाले आहेत आणि १० मीटरवर त्यांना अजून भारत किंवा विभाग २२ मधील कोणीच मिळालेले नाही. तेवढ्यात मेहकर तालुक्यातून तू हळू आवाजात हाक दिलीस. तुझ्या एका संपर्काचे त्यांना गुण मिळतील ३. परंतु भारत हा देश आणि २२ हा विभाग असे दोन गुणक एकदम वाढतील, म्हणजे अंतिम बेरजेत सुमारे ३०,००० ची भर पडेल. अमेरिकेतील आणखी एका केंद्राच्या संपर्काने त्याचा लहानसा अंशच मिळतो. म्हणून तुझी क्षीण हाक ऐकू आली की कड्यावरचा माणूस बाकीच्या शेकडो जणांना थांबायला सांगतो आणि अँटेना तुझ्याकडे वळवतो. त्याला तू हवा आहेस.

परवान्यासाठी भारतात किमान वय १२ वर्षे आहे, तेव्हा तू आजच पात्र आहेस. परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातील वायरलेस नियोजन व समन्वय शाखेकडून मिळतो आणि त्याच्या ‘रिस्ट्रिक्टेड’ व ‘जनरल’ अशा दोन श्रेणी आहेत. रेडिओचे प्राथमिक शास्त्र आणि नियम यांची परीक्षा असते; नववी-दहावीच्या विज्ञानातील विद्युत आणि चुंबकत्वाची प्रकरणे नीट केलीस तर पाया तयार होतो. परवाना हाती येईपर्यंत मात्र प्रक्षेपण करायचे नाही, केवळ ऐकायचे.

आवाजाची स्पर्धा ऑक्टोबरातील शेवटच्या पूर्ण शनिवारी आपल्या घड्याळाप्रमाणे पहाटे ५:३० वाजता सुरू होते आणि सोमवारी पहाटे ५:३० वाजता संपते. घरी सोयाबीनची मळणी किंवा दिवाळीची गडबड असेल, तरी शनिवारी आणि रविवारी संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ एवढा वेळ मागून घे. “पापा ज्युलिएट टू टँगो” अशी हाक ऐकू येईल. तिला कोणीतरी आपले कॉलसाइन सांगेल, बेटावरून “फाइव्ह नाइन, नाइन” असे उत्तर जाईल, म्हणजे तुमचा आवाज उत्तम आणि आम्ही विभाग ९ मध्ये, आणि समोरचा आपला विभाग सांगून बाजूला होईल. ते बोलणे इतके जलद असते की पहिल्या दिवशी अर्धेच कळेल. तरीही वहीत दिनांक, वेळ, बँड, दोन्ही कॉलसाइन आणि जे ऐकले ते शब्दशः लिहून ठेव. वेळ जागतिक वेळेत लिही, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. आणि त्या वहीतील पहिल्या पानाची प्रत या स्तंभाकडे पाठव, मी ती तपासून देईन.